मोटारीच्या पोटाखालचा रंग

कार्यक्रमपत्रिकेत आजच्या विषयाचे नाव वाचून काहींना नवल वाटले असेल. वसंतात व्याख्यानास यायचे ते संतवाङ्मय, पेशवेकालीन राजकारण किंवा फार तर हिमालयातील भ्रमंती ऐकण्यासाठी. आणि येथे आम्ही अमेरिकेतल्या पोरांनी घरच्या घरी बांधलेल्या मोटारींच्या सांगाड्याला रंग कसा लावला याचा इतिहास सांगणार! आमची विनंती एवढीच की, निकाल थोडा वेळ राखून ठेवावा. इतिहास तख्तावर घडतो तसा तबेल्यातही घडतो, आणि या विषयाचा तबेला मोठा मौजेचा आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा. मोटारीच्या ज्या लोखंडी सांगाड्यावर इंजीन, चाके आणि वरचा टप बसवितात, त्याला इंग्रजीत शॅसी म्हणतात. शब्द मुळात फ्रेंच. आमच्याकडे ट्रकमालकांच्या आणि मेस्त्रींच्या तोंडी त्याची 'चासी' झाली, आणि तीच आम्हांला अधिक लोखंडी वाटते. तीसचाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी पुणे-मुंबई रस्त्याने प्रवास केला आहे त्यांना ते दृश्य आठवेल: नुसती चासी धावत चालली आहे, वर ना टप ना दरवाजे, आणि एका खोक्यावर डोक्याला व तोंडाला फडके गुंडाळून बसलेला ड्रायव्हर उन्हातान्हात ती घेऊन निघाला आहे. वाहनाचे सारे गूढ तेथे उघडे पडलेले असते. दोन लांब तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, बस्स. बाकी सारा शृंगार मागाहूनचा.

आता 'हॉट रॉड'. जुनी, स्वस्तातली, बहुधा फोर्डची मोटार घ्यावयाची; मडगार्ड, फूटबोर्ड, छप्पर असे जे जे वेगाला नडते ते उतरवून टाकावयाचे; इंजिनाची ताकद वाढवावयाची, आणि गाडी पळवावयाची. हे वेड दक्षिण कॅलिफोर्नियातले. लॉस एंजेलिसच्या ईशान्येस, डोंगरापलीकडच्या वाळवंटात, म्युरॉक आणि एल् मिराज अशी कोरडी सरोवरे आहेत. पाणी आटून गेलेले, मैलोगणती सपाट, फरशीसारखे कडक तळ. १९२० नंतरच्या दशकापासून तरुण मंडळी तेथे गाड्या नेऊन वेग मोजू लागली. त्यात अपघात होऊ लागले, गोंधळ होऊ लागला, तेव्हा १९३७ साली तेथील मंडळांनी एकत्र येऊन 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' नावाची संस्था काढली. पुढे युद्ध आले, म्युरॉकचा तळ लष्कराकडे गेला, पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि पोरे समुद्रापार लढायला गेली. ती परतल्यावर या छंदाला खरा बहर आला. १९४८ च्या जानेवारीत रॉबर्ट पीटरसन यांनी आपल्या सहकाऱ्यासह 'हॉट रॉड' मासिक काढले, १९४९ च्या ऑगस्टात युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर पहिला 'वेग-सप्ताह' भरला आणि १९५१ साली वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन झाली. इतकी वंशावळ आजच्या कामाला पुरे.

परंतु चासीच्या रंगाचा प्रश्न मुळात उद्भवलाच का? जी वस्तू कोणाला दिसत नाही तिला चिखल लागला काय नि रंग लागला काय! याचे उत्तर एका विशिष्ट गाडीत आहे. १९३२ च्या वसंतात हेन्री फोर्डने आठ नळकांड्यांच्या 'व्ही-एट्' इंजिनाची मोटार बाजारात आणली. इंजीन २२१ घन इंचांचे, ताकद ६५ अश्वशक्ती. सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत असे इंजीन तोवर कोणी दिले नव्हते. पोरांनी तिचे लाडके नाव ठेवले 'ड्यूस', म्हणजे पत्त्यांतली दुर्री, कारण वर्षाच्या शेवटी दोन. इतिहासकार या गाडीच्या इंजिनाविषयी पानेच्या पाने लिहितात. आमचे लक्ष मात्र तिच्या चासीकडे आहे. आधीच्या फोर्डमध्ये चासीची तुळई आणि फूटबोर्ड यांच्यामधल्या जागेत एक पत्रा बसविलेला असे व त्यामुळे तुळई झाकली जाई. १९३२ साली तो पत्रा काढून टाकण्यात आला, आणि तुळईच्याच बाहेरच्या अंगाला एक डौलदार खोलगट रेघ दाबून ती दिसण्याजोगी करण्यात आली. पोरांनी मडगार्ड आणि फूटबोर्ड उतरविले, तेव्हा ही १०६ इंचांच्या चाकअंतराची चासी पुढपासून मागपर्यंत उघडी पडली. घराचा पाया एकदम दर्शनी भिंत बनला! पायाला रंग देण्याची विद्या तेथून सुरू झाली असे आम्ही मानतो. गाडीच्या इंजिनाची कीर्ती सर्वांनी गायिली. या रेघेचे उपकार थोड्यांनीच मानले.

कारखान्यातल्या रंगाची कथा याहून जुनी आहे. फोर्डचे 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ एवढा काळ निघाले आणि एकूण दीड कोटीवर गाड्या झाल्या. त्यांपैकी १९१४ ते १९२५ या वर्षांत सर्व गाड्या काळ्या. काळा रंग लवकर वाळतो म्हणून फोर्डने तो निवडला असे सर्रास सांगतात. आम्हांला ते अपुरे वाटते. काळा स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि एकच रंग ठेवल्याने कारखान्याचा सारा ओघ सरळ चाले, हे कारण अधिक पटते. लोखंडी भागांवर जे काळे इनॅमल चढवीत त्याला 'जपान' म्हणत. जपानी लाखकामाची नक्कल करण्याच्या खटपटीतून युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत ही कला उपजली. वेल्समधील पाँटिपूल गावची काळी चकचकीत तबके त्या काळी नावाजलेली होती. आपल्याकडच्या सावंतवाडीच्या लाखकामाशी मात्र तिचे नाते नाही. सावंतवाडीची लाख किड्याची, ही काळिमा खनिज डांबराची. अळशीचे तेल आणि डांबरी राळ विरघळवून भाग त्यात बुडवावयाचा व भट्टीत भाजावयाचा. या राळेचा एक प्रसिद्ध प्रकार, गिल्सोनाइट, युटा राज्यातच खणून काढतात. ज्या राज्यात पुढे हॉट रॉडवाले मिठावर गाड्या पळविणार होते, त्याच राज्याच्या पोटातली ही काळी माती. इतिहासाला असे योगायोग आवडतात.

टपाच्या रंगात क्रांती झाली ती १९२४ साली, जेव्हा जनरल मोटर्सची 'ओकलंड' गाडी ड्युपाँ कंपनीच्या 'ड्यूको' लॅकरने निळी होऊन आली. बग्गीचे रंगारी ब्रशाने हातावर हात देत, मध्ये दिवसेंदिवस वाळवीत, असे आठवडेच्या आठवडे घेत. ड्यूको फवाऱ्याने उडे आणि पाहता पाहता सुके. तो कापूस व नायट्रिक आम्ल यांच्या संयोगातून झालेला, म्हणजे बंदुकीच्या बिनधुराच्या दारूचा सख्खा भाऊ. स्प्रे गन गल्लीबोळांतल्या रंगशाळांत पोचली ती अशा रंगांच्या पाठोपाठ, आणि ती नसती तर घरगुती हॉट रॉडचा टप चकाकलाच नसता. आपल्या मुंबईतही शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून गाड्या जुळविल्या.

आता पोराच्या अंगणात येऊ. समजा, साल १९४७. भंगारवाल्याकडून त्याने १९३२ च्या फोर्डची चासी आणली आहे. पंधरा वर्षांचा चिखल, ऑइल, गंज, आणि आधीच्या मालकांनी कशाकशासाठी पाडलेली भोके. त्याने सर्वांत प्रथम काय करावे? अधीर माणूस म्हणेल, घासा आणि रंगवा. अनुभवी माणूस म्हणतो, आधी सारी गाडी बिनरंगाची, नागडी उभी करा. इंजीन बसवा, चाके लावा, टप ठेवा, सुकाणू फिरवून पाहा, चालवूनसुद्धा पाहा. आणि मग नट न् नट सोडवून पुन्हा तिची चासी करा. हा नियम ऐकायला वेडेपणाचा वाटतो, कारण एकच गाडी दोनदा बांधावयाची. परंतु रंग दिल्यावर एखादी पट्टी अर्धा इंच चुकली असे कळले, तर वेल्डिंगच्या ज्वालेत चार दिवसांचे श्रम जळून फोड येतात. लग्नाचा शालू नेसून कोणी चुलीपुढे बसत नाही.

या पहिल्या उभारणीत चासीची दुरुस्ती होते. तुळई पन्हळीसारखी, तीन बाजू बंद नि एक उघडी असते. वाढीव ताकदीच्या इंजिनाने ती पिळवटते, म्हणून उघड्या बाजूस पट्टी वेल्ड करून तिची पेटी बनवितात. ताकद खूप वाढते. पण त्याबरोबर एक शत्रूही घरात घेतला जातो. पेटीच्या आत ब्रश जात नाही, हात जात नाही. आत पाणी शिरले, आणि ते शिरतेच, तर गंज निवांत बसून आतून खातो व बाहेरचा रंग शेवटपर्यंत हसतमुख राहतो. म्हणून जाणता कारागीर पेटीच्या तळाला पाणी निघून जाण्यास भोके ठेवतो आणि सारे झाल्यावर आत पातळ रंग किंवा मेणाचे तेल ओतून चासी उलटीपालटी करतो. नको असलेली भोके वेल्डने भरावी लागतात; मागून तांब्याचा तुकडा धरला तर वितळलेले लोखंड त्याला चिकटत नाही आणि भोक नीट बुजते. ग्राइंडर मग हळू चालवावा. पोलाद पातळ झाले तर भोक भरून काय मिळविले?

एक सावधगिरी कायद्याची. १९३२ च्या फोर्डचा क्रमांक डाव्या तुळईच्या माथ्यावर ठोकलेला असे, टपाखाली झाकलेला. चासी साफ करण्याच्या उत्साहात कित्येकांनी तो ग्राइंडरने घासून टाकला. चोरीची गाडी विकणारे नेमके हेच करीत, तेव्हा प्रामाणिक माणसाची गाडीही संशयित ठरे. जो भाग रंगविण्यासाठी आपण एवढे गुळगुळीत करतो, त्यातले चार अंगुळे मात्र खरबरीत ठेवण्यातच शहाणपण.

यानंतर गंज. गंज काढण्याचा राजमार्ग म्हणजे वाळूचा मारा. ही युक्ती बेंजामिन टिल्गमन या अमेरिकनाची. त्याचे पेटंट १८७० चे. वाऱ्याच्या जोराने वाळू लोखंडावर आदळली की जुना रंग, गंज, मळ सारे उडून जाते आणि फिकट राखी, जरासे खरखरीत पोलाद उरते. ते खरखरीतपण रंगाला धरून ठेवते. परंतु उडालेल्या वाळूची सूक्ष्म धूळ श्वासावाटे छातीत गेली म्हणजे फुप्फुसे दगडासारखी होतात. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि त्यावर उतारा नाही. ब्रिटनने या कामात वाळू वापरण्यास १९४९ सालीच बंदी केली आणि लोखंडाचे छर्रे किंवा इतर खडी वापरावयास लावली. अंगणातल्या पोराला हे कोण सांगणार? तो तोंडाला रुमाल बांधी आणि रुमालाला संरक्षण समजे. ज्याच्यापाशी वाळूचा पंप नव्हता तो तारेचा ब्रश, कानस आणि दिवसच्या दिवस घेऊन बसे. आमच्या मते त्याचे काम कमी चांगले होत असे, पण त्याची छाती शाबूत राही.

नागडे पोलाद फार वेळ ठेवता येत नाही. दमट हवेत रात्रीतून त्यावर तांबूस झाक येते. म्हणून फॉस्फरिक आम्लाचा हात देतात. थॉमस कॉस्लेट या इंग्रजाने १९०६ साली या कृतीचे पेटंट घेतले. आम्लाने लोखंडावर फॉस्फेटचा पातळ, करड्या रंगाचा थर धरतो, आणि त्यावर पुढचा रंग पक्का बसतो. मात्र आम्ल नीट धुतले नाही, सांध्यात राहिले, तर तेच पुढे रंगाला आतून फोड आणते. रंगाऱ्यांचे बहुतेक अपयश हे रंगाचे नसते, रंगाखालचे असते.

मग अस्तर. येथे आपल्या मंडळींच्या परिचयाची वस्तू भेटते. लोखंडी पूल आणि जहाजे यांना पिढ्यान् पिढ्या जे नारिंगी-तांबडे अस्तर देत ते अळशीच्या तेलात खललेले शिशाचे भस्म, म्हणजे मारुतीरायाच्या अंगावर चढतो तोच शेंदूर! आपल्या गावोगावच्या मारुतीवर शेंदराची पुटे चढून दगडी मूर्ती जाड होत जाते हे आपण पाहतो. इंग्रज इंजिनिअरने तीच वस्तू पुलाच्या तुळयांना चोपडली. शेंदूर तेलाशी संयोग पावून पक्का थर धरतो आणि गंजण्याची रासायनिक क्रिया मंदावतो. पण शिसे विषारी. अमेरिकेत घरगुती रंगांतून ते १९७८ साली हद्दपार झाले. महायुद्धानंतर हॉट रॉडवाल्यांना आणखी एक अस्तर मिळाले, ते म्हणजे विमानांच्या अ‍ॅल्युमिनियमला लावण्याचे हिरवट-पिवळे झिंक क्रोमेट. दक्षिण कॅलिफोर्निया म्हणजे डग्लस, लॉकहीड अशा विमान-कारखान्यांचे माहेरघर. तेथे वेल्डिंग आणि स्प्रे गन शिकलेले हात संध्याकाळी अंगणात फोर्डवर चालू लागले. हे क्रोमेटही पुढे कर्करोगकारक ठरले. आज सुज्ञ मंडळी दोन डब्यांतून मिसळावयाचे एपॉक्सी अस्तर वापरतात. ते कोऱ्या पोलादाला घट्ट धरते आणि पाणी आत जाऊ देत नाही.

अस्तरासंबंधी एक गैरसमज फार पसरला आहे. जुन्या छायाचित्रांत कित्येक हॉट रॉड करड्या किंवा तांबूस अस्तरावरच फिरताना दिसतात. पैसे संपले म्हणून, किंवा 'पुढच्या महिन्यात रंगवू' म्हणून. पुढे त्याचीच ढब झाली आणि मुद्दाम अस्तरी गाड्या निघू लागल्या. परंतु जुने साधे अस्तर सच्छिद्र असते. पाऊस ते पिते, आणि काही महिन्यांत त्याच्या पोटात गंज उगवतो. फाटक्या अंगरख्याची नक्कल शिंप्याकडून शिवून घेतली तरी थंडी वाजायची ती वाजतेच.

अस्तरावर लांबी भरावयाची, म्हणजे गंजाने खाल्लेले खड्डे बुजवावयाचे. मग पाण्याबरोबर पॉलिश पेपर मारावयाचा. १९३२ च्या तुळईवरची ती खोलगट रेघ येथे परीक्षा घेते. बोटांनी घासले तर कडा गोल होतात, रेघ विरते, आणि दुर्रीची ओळखच नाहीशी होते. लाकडाची लहान पट्टी कागदात गुंडाळून त्या रेघेतून फिरवावी लागते. अखेर रंग. चासी छताला टांगतात किंवा दोन टोकांना धरून फिरेल अशा चौकटीवर चढवितात. प्रथम आतले कोपरे, आडव्या पट्ट्यांच्या पाठी, कंसांची बगल. बाहेरची दर्शनी बाजू अगदी शेवटी. क्रम उलटा केला तर आतल्या फवाऱ्याची रवाळ धूळ बाहेरच्या ओल्या चकाकीवर बसते. कोपऱ्यात गन जवळ नेली की ओघळ, लांब नेली की कोरडा खरखरीतपणा. आट्यांच्या भोकांत आधी बोल्ट घालून ठेवावेत, आणि बॅटरीची तार जेथे चासीला जोडावयाची तेथे रुपयाएवढी जागा कोरीच राखावी. नाहीतर सुंदर रंगविलेली गाडी चालूच होत नाही, आणि मालक इंजिनाला दोष देत बसतो.

रंग कोणता, यावर पुढे पंथ पडले. १९५० साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे हॉट रॉडचे प्रदर्शन भरले, आणि 'अमेरिकेतील सर्वांत सुंदर रोडस्टर' हा मान पहिल्यांदा बिल नीकॅम्प यांच्या १९२९ च्या फोर्डला मिळाला. गंमत अशी की, तिचा टप फोर्डचा असला तरी चासी १९२७ च्या एसेक्स गाडीची होती. प्रदर्शने वाढली तसे गाडीखाली जमिनीवर आरसे ठेवू लागले. पोटाखालची बाजूही बिनडाग आहे हे प्रेक्षकाने वाकल्यावाचून पाहावे! मग चासीचा रंग टपाशी जुळू लागला, आणि पुढचा आस, सुकाणूचे दांडे यांवर क्रोमचा मुलामा चढू लागला. वेग मोजणाऱ्या जुन्या मंडळींना हे रुचले नाही, आणि त्यांचा राग केवळ अरसिकाचा नव्हता. मुलाम्यापूर्वीच्या आम्लस्नानात आणि मुलाम्याच्या वेळी हायड्रोजन पोलादात शिरतो. कणखर जातीचे पोलाद त्याने ठिसूळ बनते, आणि मुलाम्यानंतर लगेच ते भट्टीत तापवून हायड्रोजन घालविला नाही, तर चकाकणारा दांडा काही एक सूचना न देता मोडू शकतो. सुकाणूचा दांडा मोडणे म्हणजे काय ते सांगावयास नको.

म्हणून शर्यतीच्या काही बांधणाऱ्यांनी उलट वाट धरली. त्यांनी चासीला पांढरा किंवा फिकट राखाडी रंग दिला. काळ्या रंगात केसाएवढी चीर लपते. फिकट रंगावर तीच चीर, तिच्यातून झिरपलेल्या गंजाच्या तांबड्या रेघेमुळे, लांबून दिसते. आम्हांला विचाराल तर आरशाच्या पंथापेक्षा हा चिरेचा पंथ अधिक शहाणा. रंगाने झाकावे एवढेच आपण शिकलो. रंगाने दाखवावेही, हे या लोकांनी दाखविले. १९५० नंतर ड्रॅग शर्यती सुरू झाल्या, तेथे धावण्यापूर्वी गाडीची तपासणी होई. तपासनीस खाली आडवा होऊन सांधे पाही, आणि जाड चकचकीत रंगाखाली दडलेले कच्चे वेल्डिंग हे त्याचे मोठे दुखणे असे.

सर्वांत कठीण परीक्षा मात्र बॉनव्हिलची. तेथील पांढरे मैदान खरोखरीच मिठाचे. गाडी धावताना चाकांमागून ओलसर मिठाचा मारा चासीच्या बुडाशी बसतो, आणि जेथे दगड लागून रंगाचा टवका उडाला असेल तेथून काम सुरू करतो. पावडरचा रंग, जो विजेच्या आकर्षणाने चिकटवून भट्टीत वितळवितात, गेल्या काही दशकांत चासीसाठी फार लोकप्रिय झाला आहे. तो जाड असतो, ओघळत नाही, मार सोसतो. पण एकदा त्याखाली मीठ शिरले की कातडीखाली पाणी धरावे तसा तो सुटत जातो, आणि वरून काही कळत नाही. म्हणून मिठावरून परतलेला माणूस घरी पोचताच जेवणाआधी नळी हातात घेतो. इंजीन नव्हे, टप नव्हे, प्रथम चासी. पेटीच्या तळाला वर्षांपूर्वी ठेवलेल्या त्या भोकांत नळीचे तोंड घालून तो पाणी सोडतो, दुसऱ्या टोकाला उभा राहून बाहेर येणारे पाणी बोटाला लावून चाखतो, आणि खारट लागते तोवर नळ बंद करीत नाही.